वाचकांचे प्रश्न : बंद दाराआडची काळजी

प्रश्न : सांगलीत म्हाडाने बांधलेल्या तीन मजली इमारतींच्या वसाहतीत आम्ही राहतो. लिफ्ट नाही. बऱ्याच घरांत साठी ओलांडलेली माणसे असून मुले पुण्या-मुंबईला आहेत. नुकत्याच आमच्या जिन्यातल्या एकट्या राहणाऱ्या आजी न्हाणीघरात पडल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणालाच कळले नाही. आता समितीने वर्गणी काढून सीसीटीव्ही बसवायचे ठरवले आहे. तेवढ्याने भागेल का?

उत्तर : भागणार नाही. फाटकातून कोण आले-गेले हे कॅमेरा दाखवील, पण बंद दाराआड पडलेल्या माणसाची खबर तो देणार नाही. चोरीची भीती खरी असल्यामुळे कॅमेरे जरूर बसवावेत. मात्र त्याआधी प्रत्येक जिन्यातल्या घरांनी एकमेकांची रोजची चौकशी कशी करायची, हे ठरवून घ्यावे. सकाळी नऊपर्यंत दुधाची पिशवी दाराला तशीच दिसली, तर शेजाऱ्याने बेल वाजवावी, मग फोन करावा आणि तरीही उत्तर आले नाही, तर जवळ ठेवलेल्या किल्लीने दार उघडावे. ही किल्ली कोणाकडे द्यायची हे त्या घरातल्या ज्येष्ठांनीच ठरवायचे आहे; समितीने ते परस्पर ठरवू नये. शिवाय रात्री लॅचवर दार बंद करून वर आतून कडीही घातली, तर बाहेरच्या किल्लीचा काही उपयोग होत नाही, हेही सर्वांना सांगून ठेवावे.

आजींच्या बाबतीत जे घडले, त्यात न्हाणीघराच्या दाराचाही विचार करायला हवा. आपल्याकडे ही दारे बहुधा आत उघडतात. माणूस दारामागेच पडला, तर बाहेरच्याने कितीही ढकलले तरी दार उघडत नाही आणि जोर लावावा तर पडलेल्यालाच इजा होते. जागा असेल तिथे सुताराकडून बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडणारे करून घ्यावे, आतली कडी काढून बाहेरूनही उघडता येईल असे कुलूप बसवावे आणि कमोडशेजारी भिंतीत पक्का रोवलेला स्टीलचा दांडा घ्यावा. टॉवेलच्या दांडीला धरून उठू नये, ती माणसाचे वजन पेलत नाही. ही कामे घरमालकाच्या खर्चाची असली, तरी संस्थेने एकच कारागीर ठरवून सर्व घरांचे काम एकदम काढले, तर प्रत्येकाला स्वस्त पडेल. जिन्यातले दिवे, तुटलेले कठडे आणि गुळगुळीत झालेल्या पायऱ्या हे मात्र सामाईक काम आहे. सर्वसाधारण सभेत ठराव करून त्याचा खर्च दुरुस्ती निधीतून करावा.

पोलिसांकडे जाण्यास संकोच करू नये. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठीच्या 2007 च्या कायद्याखाली महाराष्ट्राने 2010 मध्ये नियम केले असून, त्यांनुसार हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी पोलीस ठाण्याने ठेवायची आणि त्यांची नियमित भेट घ्यायची असते. आपल्या वसाहतीची नावे संबंधितांच्या संमतीने लेखी द्यावीत आणि पोच घ्यावी. 14567 ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन सल्ला, माहिती आणि मनाच्या आधारासाठी आहे. कोणी पडले किंवा छातीत दुखू लागले, तर थेट 108 किंवा 112 लावावा. हे आकडे मोठ्या अक्षरांत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावेत.

वसाहत पूरपट्ट्यात असेल, तर आणखी एक तयारी पावसाळ्याआधीच करावी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. ज्यांना जिना उतरायला दोन माणसांचा आधार लागतो, त्यांना पाणी 40 फुटांवर येण्याच्या आधीच नातेवाइकांकडे किंवा निवारा केंद्रात हलवावे, कारण रस्ता पाण्याखाली गेल्यावर आजारी माणसाला बोटीत उतरवणे फार अवघड होते. कोणाला कोण नेणार, औषधांची पिशवी कोण उचलणार, ही नावे जिन्यानुसार लिहून ठेवावीत. ती यादी करायला आपल्या इमारतीतल्या ज्येष्ठांनाच बसवावे, कारण कोणाचे गुडघे धरतात आणि कोणाला रात्री दिसत नाही, हे त्यांना नेमके ठाऊक असते.