दाखला अडला, तर जिल्हा परिषद शाळेत प्रवेश मिळेल?

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही गावी राहायला जातोय. मुलगी चौथीत आहे. फी थकल्यामुळे शहरातली खासगी शाळा दाखला देत नाही. गावच्या जिल्हा परिषद शाळेत तिला घेतील का? – एक पालक

उत्तर : घ्यावंच लागेल. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 5 नुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, सोबत जन्मदाखला, आधार आणि तिसरीचं प्रगतिपत्रक जोडा. पोच मात्र मागून घ्या. तोंडी विनंतीला पुढे कुणी वाली नसतो.

खरी अडचण संगणकावर येते. जुन्या शाळेने यू-डायस प्लसवरून (शाळा-विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंद) नाव सोडलं नाही, तर नव्या शाळेला ते ओढून घेता येत नाही आणि मुलगी वर्गात बसूनही नोंदीत दिसत नाही. नाव ओढून घेताना तिचा पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा शिक्षण क्रमांक) लागतो. तो आताच विचारून ठेवा. जन्मतारखेत एका आकड्याचा फरक असला तरी काम अडतं. नाव सुटत नसेल तर केंद्रप्रमुखांना (परिसरातल्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) सांगा, तरीही हललं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. कलम 5 चं हे संरक्षण आठवीपर्यंतच आहे.