नजरेची करपल्लवी?? अहो, कर म्हणजे हात!

कराडच्या एका ताईंनी विचारलंय की शाळेच्या गॅदरिंगच्या निवेदनात 'शब्दांपलीकडची, सगळ्या जगाला कळणारी भाषा' यासाठी करपल्लवी हा शब्द चालेल का, आणि अशी भाषा मुळात असू शकते का.

नाही चालणार. करपल्लवी म्हणजे हाताच्या खुणांनी बोलणं. मागच्याच महिन्यात सांगलीत एका कार्यक्रमात निवेदिका 'नजरेची करपल्लवी' म्हणाली आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. नजरेला हात कुठून फुटले? डोळ्यांची ती नेत्रपल्लवी.

आणि करपल्लवी शब्दांपलीकडची तर अजिबातच नाही, ती अक्षरांचीच असते. जुनी ओळ आहे, 'अहिफण कमल चक्र टंकार, तरु पल्लव यौवन शृंगार', तोंडोतोंडी चालत आलेली म्हणून थोडी बदलूनही सापडते. हाताचा नागफणा केला की स्वर, कमळ म्हणजे क-वर्ग, चक्र च, टंकार ट, तरु त, पल्लव प, यौवन म्हणजे य-र-ल-व, शृंगार म्हणजे श-ष-स-ह. मग वर्गातलं कितवं अक्षर ते बोटांनी, काना-मात्रा चुटकीनं. 'गवत' म्हणायचंय? कमळ करून तीन बोटं, यौवनाची खूण करून चार, तरूची करून एक. जपानी माणसाचं सोडा, मुळाक्षरं न शिकलेल्या मराठी माणसाला तरी हे कळेल का?

पण खरी गंमत पल्लवात आहे. हात हा देठ आणि बोटं म्हणजे पालवी. संस्कृतात पल्लव म्हणजे कोवळं पान, आणि वस्त्राचं टोकही. त्याचाच मराठीत पालव झाला, म्हणजे पदर, आणि पालवणं म्हणजे झाडाला पालवी फुटणं तसंच कापड हलवून लांबच्याला बोलावणं! माझी आजी माणातल्या रानात बांधावर उभी राहून पदर हलवायची, की तिकडं आजोबा औत सोडायचे, वाऱ्यात हाक पोचायचीच नाही. माझं मत असं की करपल्लवी आधीची, नेत्रपल्लवी तिच्या चालीवर मागाहून पाडलेली. पुण्याचे एक विद्वान म्हणतात पापणी पानासारखी लवते म्हणून नेत्रपल्लवी. सर, मग पापणीपल्लवीच म्हणा की, नेत्र कशाला मधे?

हां, जगाची भाषा. एस्पेरांतो ही सगळ्या जगासाठी म्हणून मुद्दाम बनवलेली भाषा झामेनहॉफ नावाच्या माणसानं १८८७ साली काढली, पण तीही शब्दांचीच. कर्णबधिरांच्या खुणांच्या भाषासुद्धा देशोदेशी वेगळ्या, लिपी एकच असून ब्रिटनमध्ये मुळाक्षरं दोन हातांनी दाखवतात आणि अमेरिकेत एका हातानं.

त्यातल्या त्यात जवळ जाणारं मी खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात बघितलंय. टॉवेलाखाली हात, गिऱ्हाईक कानडी, शेतकरी आपला, एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही तरी खिलारी खोंडाचा सौदा बोटं दाबून चाललेला. मला वाटलं हीच ती भाषा. मग दलालानं गंमत म्हणून माझी चार बोटं दाबली, मी म्हटलं चार हजार, तो हसायला लागला, चाळीस होते, आणि ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं कारण खोंड समोर उभा होता.

तर ताई, निवेदनात साधं 'खाणाखुणा' म्हणा. नजरेचीच हौस असेल तर नेत्रपल्लवी. आणि त्या निवेदिकाबाई ओळखीच्या असतील तर त्यांनाही सांगा.