रोजचे तेच पाच हात

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला गणित शिकवते. वर्गाचा पट ३४ आहे. प्रश्न विचारला की रोज तेच चार-पाच हात वर होतात आणि बाकीची मुले वहीत मान घालून बसतात. म्हणून जूनमध्ये मी भिंतीवर नावांचा तक्ता लावला आणि बरोबर उत्तराला एक चांदणी देऊ लागले. महिनाभर वर्ग जागा झाल्यासारखा वाटला. गणपतीनंतर मात्र चांदण्या पुन्हा त्याच पाच जणांच्या नावापुढे साचू लागल्या. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा तर म्हणाला, "मॅडम, माझ्या नावाची ओळ पुसून टाका ना." पूर्वीसारखी छडी हातात असती तर ही वेळ आली नसती, असे सहकारी म्हणतात. माझे काय चुकते आहे?
— एक शिक्षिका, बीड जिल्हा

उत्तर : छडीचा विषय आधी संपवू. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. शिवाय छडी खायला हात पुढे होतो, उत्तर द्यायला वर होत नाही, हे आपल्या पिढीने अनुभवलेलेच आहे.

तुमच्या तक्त्यात काय बिघडले, ते त्या मुलाने नेमके सांगितले आहे. ज्याच्या ओळीत चांदणी नाही, त्याच्यासाठी तो तक्ता म्हणजे आपल्याला येत नसल्याची भिंतीवर लावलेली नोंद असते, आणि ती त्याला वर्गात पाऊल टाकताच रोज वाचावी लागते. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतील, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. 'चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असे ज्या मुलांना आधी सांगून तसे बक्षीस दिले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र आधी न सांगता, अचानक मिळाले, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. म्हणजे दोष बक्षिसापेक्षा 'हे केलेस तरच ते देईन' या सौद्याचा आहे. हा प्रयोग आवडीच्या कामाबद्दल होता, हे विसरू नये. ज्या कामात मुलाला मुळात गोडी नाही तिथे लहानसे बक्षीस सुरुवातीचा धक्का देऊ शकते. तुमच्या वर्गात पहिला महिना तेच झाले. पण धक्क्याने सुरू झालेली गाडी पुढे इंधनावरच चालते, आणि उत्तर जमल्याचा अनुभव हे ते इंधन त्या २९ मुलांपर्यंत पोहोचलेच नाही.

ते का पोहोचले नाही, हे पाहण्यासाठी एक दिवस मनात आकडे मोजा. प्रश्न विचारल्यावर कोणाचे तरी नाव घेईपर्यंत, किंवा उत्तर स्वतःच सांगून टाकेपर्यंत, तुम्ही किती थांबता? मेरी बड रो या संशोधिकेने अमेरिकेतील प्राथमिक शाळांमधील विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा हे थांबणे सरासरी जेमतेम एक सेकंद असल्याचे त्यांना आढळले. ते तीन सेकंदांवर नेताच उत्तरे लांब झाली, गप्प राहणाऱ्यांची संख्या घटली आणि शिक्षकांनी ज्यांना 'कच्चे' ठरवले होते तीही मुले बोलू लागली. एका सेकंदात उत्तर ज्याच्या ओठांवर तयार आहे त्याचाच हात वर होणार, तेव्हा ते पाच हात काही अंशी आपल्या घाईने निवडलेले असतात. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात. फळ्यापुढे उभे राहून गप्प थांबल्यावर ते किती लांब असतात, ते कळते.

त्याहून बरा उपाय म्हणजे काही दिवस हात वर करण्याची पद्धतच बंद करणे. प्रत्येकाने पाटीवर किंवा पाठकोऱ्या कागदावर उत्तर लिहावे आणि खूण केल्यावर सर्वांनी ते एकदमच वर धरावे. पाटी पुसता येते, त्यामुळे चूक कायमची राहत नाही आणि तुम्हाला एका नजरेत ३४ उत्तरे दिसतात. प्रश्नही असा घ्या, ज्यात आकडेमोडीच्या आधी अंदाज बांधावा लागेल. उदाहरणार्थ, १० किलो टोमॅटो ४० रुपये किलोने घेतले, त्यांतले २ किलो नासले, उरलेले ४५ रुपये किलोने विकले. फायदा की तोटा? पुष्कळ मुले '४५ म्हणजे फायदाच' असे लिहितील. मग ४०० रुपये गेले आणि ३६० आले, हे त्यांचे त्यांनीच काढले की शेकडा दहाचा तोटा समजावून सांगण्याची वेळ फारशी येणार नाही. ज्याचे वडील आठवडी बाजारात बसतात तो मुलगा कदाचित पहिल्यांदाच वर्गाला काही शिकवील. (नासलेला माल स्वस्तात विकता येतो, असे कोणी म्हणाले तर त्याला गप्प करू नका, खरा प्रश्न त्याने ओळखला आहे.)

एवढे करूनही काही पाट्या कोऱ्या राहतील, आणि तिथे प्रश्न गोडीचा नसतो. सातवीच्या शेकडेवारीत अडलेले मूल बहुधा चौथी-पाचवीच्या अपूर्णांकात किंवा भागाकारात अडलेले असते. तुमच्या जिल्ह्यात तर ऊसतोडीला जाणाऱ्या आईवडिलांबरोबर काही मुलांचे वर्षातले कित्येक महिने शाळेबाहेर जातात. ज्याला वाटच दिसत नाही त्याने आळसाचे सोंग घेणे हा आब राखण्याचा मार्ग आहे, कारण 'मला येत नाही' यापेक्षा 'मी केले नाही' हे सांगणे सोपे जाते. अशा मुलांची अडचण नेमकी कोठे आहे हे पाच-सहा तोंडी प्रश्नांतून, एकट्याला जवळ बसवून पाहा, आणि रोज दहा मिनिटे तेवढ्याच कौशल्यावर द्या. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुले शाळेत का येत नाहीत याचे उत्तर त्यांनी मुलांच्या स्वभावात शोधले नाही. गुरे जिथे चरत होती तिथे शाळा नेली.

तक्ता काढून टाका. मात्र त्या मुलाने सांगितले म्हणून काढते आहे, असे वर्गात सांगू नका.

प्रश्न : 'हुशार आहेस' असे मुलांना म्हणू नये, असे हल्ली प्रशिक्षणात सांगतात. मग कौतुक करायचेच नाही का?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, सांगली

उत्तर : कौतुक जरूर करावे, ते कामाचे असावे. म्यूलर आणि ड्वेक यांच्या १९९८ मधील प्रयोगांत पाचवीच्या मुलांपैकी काहींना सोपी कोडी सोडवल्यावर 'हुशार आहेस' आणि काहींना 'मेहनत घेतलीस' असे सांगण्यात आले. पुढे अवघड कोड्यांत अपयश आल्यावर पहिल्या गटाची चिकाटी कमी झाली आणि त्यानंतरच्या सोप्या कोड्यांतही त्यांची कामगिरी घसरली. मात्र 'मेहनत' हा शब्दही उठता-बसता वापरला तर पोकळ होतो, आणि मुलांना ते आपल्याआधी कळते. 'तू उभी मांडणी सोडून आकृती काढलीस, म्हणून चूक सापडली' या एका वाक्यात मुलाला काय केले ते कळते आणि पुन्हा करताही येते.