हवाही वीज अडवते, चिनीमातीही अडवते. मग इन्सुलेटरच्या अंगावरून फ्लॅशओव्हर, म्हणजे ठिणगीनं वीज पार जाणं, होतोच कसा? एसएफ-६ (सल्फर हेक्झाफ्लोराइड) वायू भरलेल्या स्विचगियरमध्येही (वीज चालू-बंद करायच्या बंद पेटीतही) हा त्रास असतो का?

हाच प्रश्न आमच्या मॅनेजर साहेबांना पडला असता तर माझं एक इन्क्रिमेंट वाचलं असतं.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. ११ केव्हीची लाइन, आवारात डीपी स्ट्रक्चर (दोन खांबांचा सांगाडा), त्यावर तारा पेलणारे चिनीमातीचे पिन इन्सुलेटर. डिसेंबरात पहाटे चार-साडेचारला अर्थ फॉल्टवर, म्हणजे वीज जमिनीकडं गळाल्यानं, ट्रिपिंग (लाइन आपोआप बंद पडणं) सुरू झालं. भट्टीत माल तयार, लॅडल लावलेला, आणि सगळीकडं अंधार. परत चार्ज केलं की कधी टिकायचं, कधी नाही. नऊला ऊन पडलं की लाइन एकदम शहाणी. साहेब दहाला यायचे, मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) लावायला सांगायचे. मेगर हजार मेगओहमच्या वर. "इन्सुलेटर ओके आहे. रिले बघ, नाहीतर तुझी माणसं बघ." रिले म्हणजे फॉल्ट ओळखून लाइन तोडायला लावणारं उपकरण.

उन्हात मेगर लावून इन्सुलेटर पास करणं म्हणजे मे महिन्यात राजाराम बंधाऱ्यावर उभं राहून पंचगंगेला पूर येत नाही म्हणणं.

तिसऱ्या पहाटे मी कानटोपी घालून यार्डाच्या कुंपणाबाहेर जाऊन उभा राहिलो. दव इतकं की जाळीवरून थेंब गळत होते. मधल्या फेजवरून (तीन तारांपैकी मधल्या) फोडणीसारखा चर्र आवाज येत होता. इन्सुलेटरच्या घेराखाली जांभळट काजवे, एक विझला की शेजारी दुसरा. मग त्यातले दोन जुळले, पिवळी रेघ सरसर वर चढली आणि फट्. ट्रिप.

आता तुमचं उत्तर. या वर्गाचा स्वच्छ, कोरडा इन्सुलेटर ७५ किलोव्होल्टचा लाइटनिंग इम्पल्स (वीज कडाडल्यावर येणारा क्षणिक झटका) झेलायला बनवलेला असतो. फेज ते अर्थ रोजचं व्होल्टेज जेमतेम ६.३५ किलोव्होल्ट. म्हणजे हवा आणि चिनीमाती दोघीही निर्दोष. पण आमच्याकडं वर भट्टीची धूळ, आणि गळीत हंगामात बॉयलरची नि पेटवलेल्या पाचटाची राख. त्या राखेत पोटॅशचे क्षार. कोरडे असेपर्यंत गपगार, दव पडलं की विरघळून अंगभर वीजवाहक पापुद्रा. त्यातून गळतीचा करंट वाहतो, पापुद्रा तापतो आणि जिथं करंटची दाटी जास्त, तिथं आधी सुकतो. त्या दोन बोटांच्या सुक्या पट्ट्यावर जवळजवळ सगळं व्होल्टेज येऊन पडतं. तेवढी हवा ते सोसत नाही, ठिणगी पडते. उरलेला पापुद्रा पुरेसा वाहक असेल तर ठिणगी लांबत लांबत पार टोकाला पोचते. धो-धो पावसात आमच्याकडं एकदाही ट्रिप झालं नाही, कारण पाऊस धुऊन काढतो. दव आणि भुरभुर नुसतं भिजवतात.

हे साहेबांना पटवायला मी शटडाऊन घेऊन दोन इन्सुलेटर उतरवले. एक कापडानं लख्ख पुसला, एक तसाच. उसावर औषध मारायच्या नव्याकोऱ्या हातपंपात बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर भरलं. साधं पाणी घेतलं असतं तर साहेबांनी पाण्यातल्या क्षारावर ढकललं असतं. दोन्हींवर सारखा फवारा मारून मेगर लावला. पुसलेला शेकडो मेगओहमवर राहिला, न पुसलेला दोन मेगओहमवर आला. साहेब हसले. "कापड मारून ट्रिपिंग थांबतं होय? बदल सगळे."

बदलले. नवे तसेच, क्रीपेज (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून मोजलेलं दोन टोकांमधलं अंतर) २३० मिलिमीटर. जास्त प्रदूषणाच्या जागी कमाल व्होल्टेजच्या दर केव्हीला २५ मिलिमीटर धरायचा ठोकताळा आहे. १२ केव्हीला ३०० होतात. नवे होते म्हणून स्वच्छ, म्हणून हंगाम निघाला. श्रेय बदलीला. पुढच्या डिसेंबरात परत तेच, आणि तेव्हा साहेबांनी रिले बदलला.

एसएफ-६ मध्ये? असतो. तिथं दव-राख नाही, वायू सारख्या दाबाला हवेच्या अडीच-तीनपट ताकदीचा. तरी इपॉक्सी स्पेसरचा (आतल्या वाहकाला आधार देणाऱ्या इन्सुलेटरचा) पृष्ठभाग हीच नाजूक जागा. धातू, इपॉक्सी आणि वायू जिथं मिळतात तिथं बारीक फट राहिली तर फटीतलं विद्युत क्षेत्र कित्येक पटींनी वाढतं, इपॉक्सीची परमिटिव्हिटी (विद्युत क्षेत्राला दाद द्यायची क्षमता) वायूपेक्षा जास्त म्हणून. चार-पाच मिलिमीटरचा धातूचा कीस स्पेसरला चिकटला तरी डिस्चार्ज सुरू व्हायला पुरतो. म्हणून जोडणी करताना धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसून घेतात. तिथंही कापडच मारतात, साहेब.

तुमच्याकडं असंच होत असेल तर हंगामाआधी पुसा, नाहीतर सिलिकॉनचा लेप द्या, नाहीतर जास्त क्रीपेजचे घ्या. आणि हे सगळं परमिट (काम करायची लेखी परवानगी) घेऊन, डिस्चार्ज रॉड (तारेत उरलेला चार्ज जमिनीत सोडणारी काठी) लावून, दोन्हीकडं अर्थिंग करून. चालू लाइनखाली फवारा घेऊन उभं राहायचं नाही. तडा गेलेला इन्सुलेटर पुसून सुधारत नाही, तो बदलायचाच. आमच्या काढलेल्या सहांपैकी एकाला पिनजवळ तडा होता, हे कबूल. पण तो मधल्या फेजचा नव्हता.