मथळ्यातून गळलेला ‘काही’

बातम्या, चित्रपट-मालिका आणि समाजमाध्यमे यांचा डोळस वाचक-प्रेक्षक कसे व्हावे, कोणती माध्यमे विश्वासार्ह मानावीत आणि रोज त्यांना किती वेळ द्यावा, असे तुम्ही विचारले आहे. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेला आहात की, ‘नुसते मथळे वाचले तरी साधारण कल्पना येतेच.’ खरे सांगायचे तर मी उत्तर लिहायला बसले ती या एका वाक्यामुळे. मी अकरा वर्षे वृत्तपत्रात उपसंपादक होते आणि त्यातला बराचसा काळ रात्रपाळीत मथळे लावण्यात गेला. मथळ्यावरून येते ती बातमीची कल्पना नव्हे. तीन कॉलमांत जेवढे बसले तेवढ्याची ती कल्पना असते.

ऑक्टोबर १९९५ मधली गोष्ट आहे. ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना पत्र पाठवून कळवले होते की, डेसोजेस्ट्रेल किंवा जेस्टोडीन हे घटक असलेल्या, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका इतर गोळ्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट होतो. वृत्तसंस्थेची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, रात्री उशिरा आली आणि भाषांतरासाठी माझ्याकडे देण्यात आली. मी मथळा दिला, ‘काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे गुठळीचा धोका दुप्पट’. ब्रोमाइड, म्हणजे पानावर चिकटवायच्या मजकुराची छायाप्रत, निघाले तेव्हा मथळा दोन अक्षरांनी कॉलमाबाहेर जात होता. पान छपाईला सोडायची वेळ झालेली होती. मुख्य उपसंपादकांनी कटर घेतला, ‘काही’ एवढाच तुकडा कापून काढला आणि उरलेली पट्टी डावीकडे सरकवून चिकटवली. तो कापलेला तुकडा माझ्या टेबलावर पडला होता, मागच्या बाजूचे मेण अजून ओलसर असलेला. मी हरकत घेतली तेव्हा ते म्हणाले, “अहो, बातमीत सगळं आहे की. मथळ्यावर थांबणाऱ्याला आपण काय करणार?”

बातमीत सगळे होते, हे खरेच. परंतु डाक आवृत्तीत, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकात, त्या जागेवर आयत्या वेळी जाहिरात आली आणि बातमी नेहमीप्रमाणे शेवटून कापली गेली. बातमी लिहितानाच महत्त्वाचे वर आणि कमी महत्त्वाचे खाली अशी रचना करतात, ती खालून निर्धास्तपणे कापता यावी म्हणूनच. त्या रात्री खाली होते ते शेवटचे दोन परिच्छेद: डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय कोणीही गोळी बंद करू नये, हा एक, आणि मुळातला धोका फारच कमी आहे, हा दुसरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या गावी डाक आवृत्तीच जात असे. तिने बातमी वाचली होती आणि गोळ्या बंद केल्या होत्या. ती घेत होती त्या गोळ्या कोणत्या प्रकारच्या आहेत हे तिलाही ठाऊक नव्हते आणि मलाही. मी तिला समजावून सांगितले की बातमी सगळ्याच गोळ्यांची नाही, ती मीच लिहिली आहे, मथळाही मीच लावला आहे, त्यात एक शब्द होता तो जागेअभावी गेला. ती शांतपणे म्हणाली, “ताई, तू आता मला बरं वाटावं म्हणून सांगते आहेस. छापून आलंय ना?” माझ्या तोंडच्या शब्दांपेक्षा माझेच छापील शब्द तिला अधिक खरे वाटले. यावर मला त्या दिवशी काही बोलता आले नाही आणि आजही फारसे सुचत नाही.

आता ते ‘दुप्पट’ म्हणजे किती, हे पाहा. जुन्या प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे ७,००० स्त्रियांमागे एकीला गुठळीचा त्रास होत असे. नव्या गोळ्यांमुळे ते प्रमाण दोघींवर गेले. एकाचे दोन झाले म्हणजे दुप्पटच झाले, त्यामुळे मथळ्यातला आकडा खोटा नव्हता. पण ‘सात हजारांत एक अधिक’ असे कोणी छापले असते, तर किती जणींनी गोळ्या टाकून दिल्या असत्या? गरोदरपणातच गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, ही यातली सर्वांत कडवट गोष्ट. गोळ्यांची ही भीती पसरल्यावर पुढच्या वर्षभरात एकट्या इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० जास्तीचे गर्भपात झाले, असा अंदाज नंतर मांडला गेला. म्हणून बातमीत ‘दुप्पट’, ‘निम्मे’, ‘इतके टक्के वाढ’ दिसले की पहिला प्रश्न हा विचारावा: कशाच्या दुप्पट? मूळ आकडा दिलेला नसेल, तर ती बातमी तुम्हाला अर्धीच मिळाली आहे, मग ती तुम्ही कितीही लक्षपूर्वक वाचा.

खुलासा छापावा म्हणून मी तीन दिवस मुख्य उपसंपादकांच्या मागे लागले होते. चौथ्या दिवशी तो आला, आतल्या पानावर, तळाशी, एका कॉलमात, चार ओळींचा. त्यात मूळ मथळा काय होता याचा उल्लेख नव्हता, त्यामुळे ज्याने मूळ बातमी वाचली त्याला हा खुलासा त्याच बातमीचा आहे हे कळणे शक्य नव्हते. “चूक झालीच नाही, तर दुरुस्ती कशाची?” हे त्यांचे म्हणणे, आणि आमचा खरा वाद तिथून सुरू झाला तो मी नोकरी सोडेपर्यंत मिटला नाही.

तुमच्या ‘कोणती माध्यमे विश्वासार्ह’ या प्रश्नाला माझे उत्तर म्हणूनच सरळ आहे. कोणाचा कल डावा आणि कोणाचा उजवा, हे नंतर पाहा. आधी त्यांचे खुलासे शोधा. मोठ्या अक्षरांत चुकून बारीक अक्षरांत सुधारणारे माध्यम मी विश्वासार्ह मानत नाही, आणि वर्षभरात एकही चूक कबूल न करणारे तर मुळीच नाही, कारण रोज शेकडो बातम्या छापून चूक होत नाही असे कार्यालय मी पाहिलेले नाही. नावाजलेली नावेही याला अपवाद नाहीत. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला आणि अडतीस शेजारी तो नुसते पाहत राहिले, अशी बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दिली. ती मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेली, वर्गावर्गांत शिकवली गेली. साक्षीदारांची ती संख्या फारच फुगवलेली होती, हे त्याच वृत्तपत्राने २०१६ मध्ये, खुन्याच्या निधनाची बातमी देताना लिहिले. बावन्न वर्षांनी का होईना, लिहिले. पण पाठ्यपुस्तक वाचून निघून गेलेल्यांच्या किती पिढ्यांपर्यंत ते पोहोचले असेल?

एकच गोष्ट दहा ठिकाणी वाचली म्हणजे दहा साक्षीदार मिळाले, असेही समजू नये. बहुतेक वेळा ती एकाच वृत्तसंस्थेची कॉपी असते. दहा डेस्कांवर तिला दहा मथळे लागतात, इतकेच. समाजमाध्यमांवर तर मथळ्याखाली बातमी असतेच असे नाही. ट्विटरवरील २००६ ते २०१७ या काळातील सुमारे १,२६,००० बातम्या तपासणाऱ्या आणि २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात असे दिसले की, खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के अधिक होती, आणि हे काम यंत्रे नव्हे, माणसेच करत होती. चित्रपट आणि मालिकांबद्दल मला विशेष काही सांगायचे नाही. परीक्षण आधी वाचू नका, नंतर वाचा; त्याने झाले तर भलेच होईल.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. गोळ्यांच्या त्या प्रकरणात सगळा दोष वृत्तपत्रांचा नव्हता. ‘सुमारे दुप्पट’ हे शब्द मुळात समितीच्या पत्रातच होते आणि १३,००० हा अंदाजच आहे, मोजणी नव्हे. शिवाय ज्यांच्यावर मी इतके लिहिले, त्या मुख्य उपसंपादकांनीच मला हे काम शिकवले आणि इतर बाबतींत त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. तुम्हाला ‘शेवटपर्यंत वाचा’ असे सांगताना मी त्यांचीच बाजू मांडते आहे, हेही मला कळते. फरक एवढाच की, माझ्या बहिणीने शेवटपर्यंत वाचले होते. तिच्या हातातल्या पानावर तो शेवटच नव्हता.

रोज किती वेळ द्यावा, हे मी सांगू शकत नाही. मी सकाळी अर्धा तास वाचते आणि अंक आतल्या पानाच्या तळापासून उघडते. ते मुख्य उपसंपादक निवृत्त झाल्यावर एका लग्नात भेटले, तेव्हा मी तो विषय पुन्हा काढला. त्यांना तो मथळा शब्दन्‌शब्द आठवत होता. पॉइंट, म्हणजे अक्षरांचा आकार, एक घराने कमी केला असता तर ‘काही’ बसला असता, असे ते आपण होऊन म्हणाले.