वडिलांची रजा आणि तिचा खर्च

प्रश्न : माझ्या बाळंतपणात खासगी कंपनीत असलेल्या पतींना साठवलेली हक्काची रजा खर्ची घालावी लागली, केंद्र सरकारी नोकरीतील माझ्या दिरांना मात्र १५ दिवसांची पितृत्व रजा मिळाली होती. ‘आईला २६ आठवडे मिळतात, मग बापाला रजा कशाला?’ असे घरातच ऐकावे लागते. हा भेद कायद्यातच आहे का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : होय, कायद्यातच आहे. तुमच्या दिरांना रजा मिळाली ती केंद्रीय सेवानियमांमुळे. खासगी क्षेत्रासाठी असा केंद्रीय कायदा नसल्याने तेथे सारे कंपनीच्या मर्जीवर चालते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी आईची रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली, पण वडिलांचा विचार झाला नाही. पितृत्व रजा पुरुषांसाठी निव्वळ सुट्टीच ठरेल, अशा आशयाचे मत तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी २०१६ मध्ये मांडले होते, तेव्हा तुमच्या घरातले मत काही जगावेगळे नाही.

खरी मेख खर्चात आहे. कामगार राज्य विमा योजनेतील स्त्रीला प्रसूती लाभ विमा निधीतून मिळतो. योजनेबाहेरच्या स्त्रीचे २६ आठवड्यांचे वेतन मात्र मालकालाच द्यावे लागते. मग मुलाखतीत नवविवाहितेला ‘पुढचा काय विचार?’ असे आडून विचारले जाते आणि तिच्याच पात्रतेच्या तरुणाला कोणी काही विचारत नाही. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या पितृत्व लाभ विधेयकात १५ दिवसांची रजा तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची मुभा तर होतीच, शिवाय स्त्री-पुरुष सर्व कर्मचारी, मालक आणि केंद्र सरकार यांच्या वर्गणीतून निधी उभारण्याची तरतूद होती, आणि माझ्या मते विधेयकाचा जीव या तरतुदीत होता. मंत्री नसलेल्या खासदारांनी मांडलेल्या खासगी विधेयकांचे बहुधा होते तेच त्याचेही झाले, ते मंजूर झालेच नाही.

‘रजा नवरा-बायकोने आपसांत वाटून घ्यावी’ हा मार्ग ऐकायला सोयीचा वाटतो. स्वीडनने १९७४ मध्ये तोच धरला, पण बहुतेक रजा आयाच घेत राहिल्या. म्हणून १९९५ पासून एक महिना वडिलांनी घेतला नाही तर बुडेल, असा नियम करावा लागला आणि २०१६ पर्यंत ही राखीव रजा ९० दिवसांवर गेली.

तूर्त तुमच्या पतींनी कंपनीच्या रजा नियमांची प्रत लेखी मागून घ्यावी. त्यात पितृत्व रजा नसेल आणि कंपनीत कामगार संघटना असेल, तर पुढच्या वेतन कराराच्या मागणीपत्रात ती घालता येईल.