सिलिॲक, शून्य आणि 'गव्हाची ॲलर्जी'

फोंड्याच्या एका वाचक ताईंची विचारणा आहे: सुनेला डॉक्टरांनी सिलिॲक हा आतड्याचा आजार सांगितला, शेजारीण म्हणते, 'मलाही ग्लूटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) सोसत नाही, उंडो (गोव्याचा गोल पाव) खाल्ला की पोट फुगतं.' दोन्ही एकच का, आणि मराठीत सरसकट 'गव्हाची ॲलर्जी' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. हे 'ॲलर्जी' ऐकून ऐकून कान किटले आहेत. ॲलर्जीत गहू पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर काही तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते. ते तिसरंच प्रकरण. 'ग्लूटेन' म्हणजे लॅटिनमध्ये चिकटवायचा सरस, तेही बाजूला ठेवू. गंमत आहे ती 'सिलिॲक'मध्ये.

ग्रीकमध्ये 'कोइलोस' म्हणजे पोकळ, त्यावरून 'कोइलिया' म्हणजे पोट. कॅपाडोशियाच्या अरेटिअस या प्राचीन वैद्याने जुनाट जुलाबाच्या रोग्यांसाठी याच शब्दावरून नाव घेतलं आणि १८८८ साली लंडनचे डॉक्टर सॅम्युअल जी (Gee) यांनी ते पुन्हा चलनात आणलं. आता पुढे ऐका. तौलनिक भाषाशास्त्र या 'कोइलोस'ला आपल्या 'श्वि' धातूच्या घराण्यात बसवतं. श्वि म्हणजे फुगणे. त्यातून 'शून' म्हणजे सुजलेला, 'शोथ' म्हणजे सूज आणि चक्क 'शून्य'! फुगलं ते आतून पोकळ. सिलिॲकचं लहान पोर आठवा: हातपाय काड्या, पोट नगारा, खाल्लेलं अंगी लागत नाही. शोथ आणि शून्य एकाच देहात. या आजाराला 'शून्योदर' म्हणावं, असं मी बरेच दिवस सुचवतो आहे. कोणी मनावर घेत नाही.

उलट 'कोइलिया' हा आपल्या 'कोष्ठा'चाच अपभ्रंश, असं ठासून सांगणारे विद्वान भेटतात. ध्वनी जुळला की सोयरीक जुळवायची, तर 'पोदेर' आणि 'पदर'सुद्धा सख्खे भाऊ ठरतील! (पोदेर म्हणजे गोव्याचा पाववाला, तो पोर्तुगीज 'पादेइरु'वरून, पाव 'पांव'वरून, इतकं तरी गोव्यात सांगावं लागू नये.) 'ग्रहणी' म्हणा, असं सुचवणारी वैद्यमंडळी त्यांच्यापेक्षा बरी. आयुर्वेदात ग्रहणी म्हणजे लहान आतड्याची सुरुवात आणि तिथला आजारही; सिलिॲकच्या तपासणीसाठी बायोप्सीचा तुकडा त्याच भागातून काढतात. पण ग्रहणीच्या जुन्या वर्णनात गहू गुन्हेगार नाही. त्याला पकडलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. त्यांचा प्रबंध १९५०चा.

हां, ताईंचा प्रश्न राहिला. लक्षणांवरून दोन्ही वेगळी करू गेलात तर फसाल. पोटफुगी, कळा, जुलाब किंवा बद्धकोष्ठ, थकवा, डोकं जड होणं हे दोन्हीकडे सारखंच. फरक आत आहे. सिलिॲकमध्ये ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषणारे बारीक अंकुर सपाट होतात. म्हणून लोह घेऊनही न हटणारा ॲनिमिया, ठिसूळ हाडं, मुलांची खुंटलेली वाढ, कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड. काहींना तर पोटाची तक्रारच नसते. शेजारणीसारख्या न सोसणाऱ्यांत आतडं शाबूत असतं, सिलिॲकच्या अँटिबॉडी सापडत नाहीत. कित्येकदा गुन्हेगार ग्लूटेन नसून गव्हातलं फ्रुक्टॅन नावाचं कर्बोदक असतं, जे कांद्या-लसणातही असतं. म्हणून शेजारणीच्या तक्रारीला 'गहू न सोसणं' म्हणा, झालं.

मात्र शेजारणीला सांगा, रक्ततपासणी होईपर्यंत उंडो सोडू नका. गहू बंद केल्यावर तपासणी खोटा दिलासा देते. सुनेला शीत-कढी, सान्नां, नाचण्याचं तिजान खुशाल वाढा. बांगडा रव्यात घोळवू नका, तांदळाच्या पिठात घोळवा. आणि हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचा, बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा असतो.